आगबोटींच्या वाटेंत शिडाची होडी

आम्ही शिडाची होडी चालवितों असें कळलें म्हणजे मुलें आम्हांस एक प्रश्न विचारतात आणि त्यांचे आईबाप दुसरा. मुलें विचारतात, "ती किती वेगानें जाते?" आईबाप विचारतात, "समोरून मोठी आगबोट आली तर?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर अगदींच निराशाजनक आहे. साधारण वाऱ्यावर आमची होडी माणसाच्या भरभर चालण्याएवढ्या वेगानें जाते, आणि वारा पडला म्हणजे तेवढ्याही नाहीं. दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. परंतु पाऊस सरल्यावर वरच्या वर्गांतील मुलामुलींना मुंबईच्या बंदरांत शीड उभारावयास शिकविण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे असल्यामुळें, त्या प्रश्नाचें उत्तर देणें हें आमचें कर्तव्यही आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या उतारूंच्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ माणसें दगावलीं. तेव्हांपासून हा प्रश्न विचारतांना पालकांचा आवाजच बदलला आहे. ती घटना आगबोट आणि शीड यांच्यामधील नव्हती हें खरें. तथापि जेथें अनेकांच्या वाटा एकमेकींना छेदतात, तेथें पाणी कितीही शांत दिसलें तरी निर्धास्त राहतां येत नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं सर्वांनाच दिसली. म्हणून "काळजी करूं नका" असें म्हणून पालकांची बोळवण करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. काळजीचें कारण आहे. तें नेमकें कोठें आहे आणि त्यावर काय करतां येतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पुष्कळांच्या मनांत अशी समजूत घट्ट बसलेली असते, कीं समुद्रावर यंत्राच्या जहाजानें शिडाच्या नौकेला वाट द्यावी असा कायदाच आहे. ही समजूत निराधार नाहीं. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठीं जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालीं ठरले व १९७७ पासून अंमलांत आले, त्यांत उघड्या समुद्रापुरतें तसें सांगितलेलें आहे. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या मर्जीनें चालावें लागतें. यंत्रवाल्याला हवें तिकडे वळतां येतें. म्हणून यंत्रवाल्यानें वळावें. पण त्याच नियमावलींतील नवव्या नियमांत दुसरी एक आज्ञा आहे, आणि सुकाणूला हात लावणाऱ्या मुलानें ती आधीं पाठ करावी असें आमचें मत आहे. जें जहाज केवळ अरुंद जलमार्गांतूनच सुरक्षितपणें जाऊं शकतें, त्याच्या जाण्यास २० मीटरांहून लहान नौकेनें अथवा शिडाच्या नौकेनें अडथळा करूं नये, असा तिचा आशय आहे. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं येथें तत्त्व बदललेलें नाहीं. ज्याला वळतां येतें त्यानें वळावें, हेंच दोन्हीकडे आहे. फक्त वळण्याची शक्ति या ठिकाणीं होडीपाशीं आहे, जहाजापाशीं नाहीं.

हें मुलांना पटणें अवघड जातें, याचें कारण डोळ्यांना दिसणारा समुद्र. गेटवेच्या कठड्याशीं उभें राहिलें तर समोर पाण्याचें मोठें मैदान पसरलेलें दिसतें. पलीकडे उरणकडील डोंगर, डावीकडे घारापुरी, उजवीकडे दूरवर मांडव्याचा किनारा. एवढ्या ऐसपैस जागेंत एका होडीला आणि एका जहाजाला परस्परांस चुकवून जातां येऊं नये, हें कोणालाही नवलच वाटेल. परंतु हें मैदान होडीचें, जहाजाचें नव्हे. १९८९ मध्यें सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या बंदरांत आज जीं मोठीं कंटेनरवाहू जहाजें येतात, त्यांचा पाण्याखालीं बुडालेला भागच १४-१५ मीटर असूं शकतो. म्हणजे चार मजली घर त्यांत बुडून जाईल इतकें खोल पाणी त्यांना हवें असतें. मुंबईच्या बंदरांत पुष्कळ ठिकाणीं एवढें पाणीच नाहीं. गाळ उपसून खोल केलेला एक लांबट चर तेवढा त्यांच्या उपयोगाचा, आणि त्या चराच्या कडा दाखविण्यासाठीं लाल व हिरवे बोये तरंगत ठेवलेले असतात. उधाणाच्या वेळीं भरती आणि ओहोटी यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो; म्हणून सर्वांत खोल बुडणारीं जहाजें भरती साधून ये-जा करतात, आणि ती वेळ हुकली तर पुढच्या भरतीपर्यंत खोळंबून राहतात. बैलगाडीचें चाक चाकोरींत पडावें तसें हें जहाज त्या चरांत पडलेलें असतें. चराबाहेर गेलें कीं तें गाळांत रुतलेंच म्हणून समजावें. आमच्या होडीला मात्र मीटरभर पाणी पुरतें. बोयांच्या बाहेर, जेथें जहाजाला येणेंच शक्य नाहीं, तेथें ती खुशाल फिरूं शकते. १६७९ सालीं खांदेरीच्या झगड्यांत शिवाजीमहाराजांच्या आरमारांतील लहान गलबतांनीं हीच गोष्ट ओळखली होती. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्यांत शिरतां येईना, आणि हीं गलबतें रात्रीं त्यांना चुकवून बेटावर सामान पोहोंचवीत. आम्हांला कोणास जेरीस आणावयाचें नाहीं. पण उथळ पाणी हा लहान नावेचा किल्ला आहे, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

किल्ल्यांत सदा बसून राहतां येत नाहीं, हीच अडचण. पलीकडे जावयाचें तर चर कोठें तरी ओलांडावा लागतो. अशा वेळीं आम्ही मुलांना आगगाडीच्या फाटकाची आठवण देतों. रूळ ओलांडणारा माणूस गाडीनें आपल्यासाठीं थांबावें असें म्हणत नाहीं. समुद्रावर फाटक नसतें आणि फाटकवालाही नसतो; तें काम होडींतल्या मंडळींनींच करावयाचें. आतां थोडें गणित पाहा. वाट ४०० मीटर रुंद आहे आणि मंद वाऱ्यावर होडी ३ नॉट वेगानें जात आहे, असें धरूं. एक नॉट म्हणजे तासाला १८५२ मीटर. होडी मिनिटाला सुमारें ९३ मीटर जाईल, आणि पलीकडील बोयाशीं पोहोंचावयास तिला सव्वाचार मिनिटांहून किंचित् अधिक वेळ लागेल. त्याच वेळीं १२ नॉट वेगानें येणारें जहाज मिनिटाला ३७० मीटर कापीत असतें. म्हणजे तेवढ्या अवधींत तें १६०० मीटर पुढें आलेलें असेल. होडी निघाली तेव्हां जें जहाज डोळ्यांना फार दूर, जवळ जवळ स्थिर वाटत होतें, तें ती पलीकडे पोहोंचण्याच्या क्षणीं तिच्या शेपटापाशीं असेल. आणि मध्येंच वारा अर्धा झाला तर? आमच्या एका विद्यार्थिनीनें हें उदाहरण वहींत सोडविलें, उत्तराखालीं दोन रेघा मारल्या आणि मग विचारलें, "पण वारा अर्धा होणार हें आधीं कसें कळावें?" या प्रश्नाला उत्तरापेक्षां अधिक गुण द्यावयास हवेत. तें आधीं कळत नाहीं. म्हणूनच गणितानें निघालेल्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट अंतर हातीं ठेवावयाचें, आणि तें नसेल तर बोयाबाहेर थांबावयाचें. ओलांडतांनाही तिरकें न जातां काटकोनांत जावें, म्हणजे वाटेंत कमीत कमी वेळ राहावें लागतें.

जहाजानें थांबावें, असें म्हणणें सोपें आहे. ३०० मीटर लांबीचें भरलेलें जहाज यंत्र उलटें फिरविलें म्हणून मोटारीसारखें जागच्या जागीं उभें राहत नाहीं. मैलाच्या हिशेबानें पुढें घसरत जातें. शिवाय वेग फार कमी केला तर सुकाणूला पाण्याचा जोर मिळत नाहीं, जहाज वळेनासें होतें, आणि वारा व प्रवाह त्याला चराच्या कांठाकडे ढकलूं लागतात. बरें, कप्तानाला दिसतें तरी किती? आंतरराष्ट्रीय नियम असा आहे कीं मोठ्या जहाजावर सुकाणूच्या जागेवरून पाहतांना जहाजाच्या पुढच्या टोकापलीकडील पाणी जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकीं जें कमी असेल त्याहून अधिक झांकलेलें असूं नये. नियम चांगला आहे. पण मुलांनीं त्याचा उलट अर्थही काढावा. ५०० मीटरपर्यंतचें पाणी झांकलेलें असलें तरी तें जहाज कायदेशीरच! कंटेनरांच्या राशीआड आमचें शीड पार नाहींसें होऊं शकतें, आणि १२ नॉट वेगानें ते ५०० मीटर कापावयास अवघे ८१ सेकंद लागतात. याचा अर्थ मोठ्या जहाजावर कांहींच जबाबदारी नाहीं असा मात्र नव्हे. टकरीचा धोका उत्पन्न झाल्यावर त्याच्यावरील बंधनें कायमच असतात. परंतु अडथळा करूं नये याचा अर्थच हा कीं, धोका उत्पन्न होण्याची वाट पाहूं नये. या चरांत मोठ्या जहाजांनाही एकमेकांस चुकविणें नेहमीं साधतें असें नाहीं. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या वाटेवर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. चित्रा एका अंगावर कलली, शेकडों कंटेनर पाण्यांत पडले, तेल पसरलें, आणि मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद ठेवावी लागली.

एका जानेवारींतील दुपारीं आम्ही दोन होड्या घेऊन निघालों होतों. एकींत आम्ही व आमचीं पांच मुलें, दुसरींत आमच्या ओळखीचे एक हौशी गृहस्थ व त्यांचे दोघे मित्र. चराच्या पलीकडील हिरव्या बोयाला वळसा घालून परत यावयाचें, एवढीच पैज. वाऱ्यानें आमच्यावर कृपा केली होती आणि आम्ही दोन-तीन होड्यांच्या लांबीइतके पुढें होतों. इतक्यांत न्हावाशेव्याकडून एक कंटेनरवाहू जहाज निघालेलें दिसलें. अजून तें दूर होतें, करड्या इमारतीसारखें निश्चल भासत होतें. सुकाणूवर बसलेल्या नववींतल्या मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं नकारार्थी मान हलविली. त्यानें ओठ चावला, पण होडीचें तोंड वाऱ्याकडे वळविलें. शीड फडफडूं लागलें, आणि आम्ही लाल बोयाच्या बाहेर उभे राहिलों. दुसरी होडी आमच्या शेजारून पुढें गेली. तिच्यावरून कोणी तरी टोपी हालवून दाखविली. मुलांना तें फार लागलें. "सर, त्यांना जातां येतें तर आपल्याला कां नाहीं?" असें एकानें विचारलें, आणि खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं त्याला पटेल असें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें.

उत्तर थोड्याच मिनिटांनीं आलें. ती होडी वाटेच्या मध्याच्या जरा पलीकडे गेली आणि वारा पडला. जहाज आतां इमारतीसारखें राहिलें नव्हतें; त्याच्या पुढच्या टोकाखालीं पांढरा फेंस दिसत होता. भोंग्याचे पांच आखूड आवाज झाले. त्यांचा अर्थ मुलांना ठाऊक होता: तुमचा विचार काय आहे तें आम्हांला कळत नाहीं. होडींतील मंडळी वल्हीं काढून हाणूं लागली. जहाज जवळ येतांच उरलासुरला वाराही त्याच्या भिंतीआड अडला, आणि तिचें शीड ओल्या धोतरासारखें लोंबूं लागलें. आमच्या होडींत कोणी बोलेना. मग ती लांबच लांब काळी भिंत आमच्या आणि तिच्या मधून सरकत गेली. घड्याळावर तो काळ मिनिटभराहून अधिक नसेल. भिंत सरली तेव्हां हिरव्या बोयाशीं होडी डुलत होती, आणि पाठोपाठ जहाजाच्या लाटा तिच्यावर आणि आमच्यावर आल्या. या खेपेस टोपी कोणीं हालविली नाहीं. "आज आम्ही पैज हरलों," असें त्या दिवशीं मुलांनीं घरीं गेल्यावर आपण होऊन सांगितलें, हें मागाहून पालकांकडून आम्हांस कळलें.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, मुख्य भूमि आणि आइल ऑफ वाइट हें बेट यांच्यामध्यें सोलेंट नांवाची सामुद्रधुनी आहे. बेटावरील काउझ या गांवीं शिडाच्या होड्यांच्या ज्या शर्यती होतात, त्यांची परंपरा १८२६ पासूनची; आणि त्याच पाण्यांतून साउथॅम्प्टनचीं प्रचंड जहाजें व तेलाचे टँकर जातात. काउझसमोर ब्रॅम्बल नांवाचा उथळ भाग आहे, आणि त्याला वळसा घालतांना मोठ्या जहाजाला तीव्र वळण घ्यावें लागतें. म्हणून तेथील बंदरवाल्यांनीं असा नियम केला आहे कीं, १५० मीटरांहून लांब जहाज त्या भागांत आलें म्हणजे त्याच्या पुढचें १००० मीटर आणि दोन्ही बाजूंचें १००-१०० मीटर पाणी त्याचें. लहान नौकांनीं त्यांत शिरावयाचें नाहीं. जहाज चालेल तसें हें अदृश्य अंगणही त्याच्याबरोबर चालतें. असें असतांही ६ ऑगस्ट २०११ रोजीं, शर्यतींच्या आठवड्यांतच, 'अटलांटा ऑफ चेस्टर' ही होडी 'हॅने नूटसेन' या टँकरच्या तोंडाशीं गेली. तिचें फुगलेलें शीड टँकरच्या नांगरांत अडकलें, डोलकाठी मोडली. एकानें पाण्यांत उडी टाकली, एकाच्या डोक्यास जखम झाली. जीव कोणाचा गेला नाहीं हें नशीब. खटला झाला तो होडी चालविणारावर, आणि २०१३ सालीं न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. कांहीं हौशी नाविकांना हा निकाल कठोर वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. जहाजावरचीं माणसें कामावर असतात, आम्ही खेळावर असतों. नववा नियम मासेमारी करणाऱ्यांनाही लागू आहे. पण ज्याच्या जाळ्यावर घर चालतें त्याची अडचण आमच्या हौसेच्या तागडींत तोलणें बरें नव्हे.

येथवर दिवसाउजेडीची गोष्ट झाली. रात्रीं प्रकरण निराळें असतें. २००६ सालच्या ऑगस्टांत त्याच बेटाच्या दक्षिणेस 'ऊझो' नांवाची सुमारें २५ फुटी होडी बुडाली आणि तिच्यावरील तिघेही प्राणास मुकले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागानें निष्कर्ष काढला कीं, 'प्राइड ऑफ बिल्बाओ' ही उतारूंची मोठी बोट तिच्यावर आदळली, किंवा इतक्या जवळून गेली कीं तिच्या लाटांनीं होडी बुडाली. तेथें अरुंद वाट नव्हती. उघड्या समुद्राचा नियम शिडाच्याच बाजूचा होता. पण ज्याला आपण वेळेवर दिसलोंच नाहीं, त्यानें आपल्यासाठीं नियम कसा पाळावा? होडीवरील रडारच्या लहरी परत फेकणारें साधन पुरेसें नसणें, बोटीवरील टेहळ्याच्या चष्म्याच्या कांचा उजेडांत काळ्या होणाऱ्या असणें, अशा लहान लहान गोष्टी त्या चौकशींत पुढें आल्या. सूर्यास्तानंतर आम्ही मुलांना घेऊन वाटेजवळ जात नाहीं, तें यामुळेंच. होडीवर लहरी परत फेकणारें साधन डोलकाठीला टांगलेलें असतें, व्हीएचएफ रेडिओ असतो, आणि वारा पडल्यास म्हणून मागें लहान इंजिन असतें. (तें सुरू केलें कीं, शीड वर असूनही, कायद्याच्या दृष्टीनें आपण यंत्राची नौका होतों, हें परीक्षेंत विचारण्याजोगें आहे.) जहाजांचीं नांवें व वेग दाखविणारें एआयएसचें यंत्रही अलीकडे आलें आहे. तें उपयोगी आहे खरें, पण मुलें त्याच्या पडद्याकडे पाहत बसतात आणि समुद्राकडे पाहत नाहींत, ही आमची तक्रार.

समुद्राकडे पाहावें कसें, हें शिकविण्यांत आमचा अधिक वेळ जातो. जहाज दिसलें कीं हातांतील होकायंत्रानें त्याची दिशा घ्यावी. मिनिटभरानें पुन्हां घ्यावी. दिशा स्पष्ट बदलत असेल तर तें बाजूनें जाईल. दिशा तीच राहिली आणि जहाज मोठें होत चाललें, तर तें आपल्यावरच येत आहे. फार लांब जहाज असेल तर त्याच्या दोन्ही टोकांची दिशा पाहावी, कारण पुढचें टोक चुकलें म्हणजे मागचें चुकलेंच असें नाहीं. प्रत्येक फेरीला एक मूल टेहळ्या म्हणून नेमलेलें असतें. त्यानें शिडाला, दोरीला, डब्यांतील खाऊला हात लावावयाचा नाहीं. चोहोंकडे पाहावयाचें आणि दिसेल तें मोठ्यानें सांगावयाचें. पाठीमागें पाहावयास मुलें हटकून विसरतात. चकाकत्या पाण्यानें डोळे शिणतात, म्हणून दर २० मिनिटांनीं टेहळ्या बदलतों. गेल्या हंगामांत आठवींतील एका मुलीनें या कामांत नांव काढलें. एका दुपारीं मांडव्याची लाँच, दोन मचवे, एक तरंगता ओंडका आणि धुरकट हवेंतून नुकतेंच वर येऊं लागलेलें टँकरचें टोक, एवढें सारें तिनें आमच्या आधीं पाहिलें. तिचे वडील प्रथम तिला पाठवावयास तयार नव्हते. आतां ते स्वतः धक्क्यावर येऊन उभे राहतात, आणि होडी कांठाला लागली कीं तिला पहिलें विचारतात तें हेंच, कीं आज जहाजें किती मोजलीं.